सीटीएस-व्ही: सुपरचार्जरच्या कूलंटसाठी मोठा हीट एक्स्चेंजर कोणता घ्यावा?

ऑस्टिनकर_व्ही

नमस्कार मंडळी. माझी गाडी २०१२ ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही कूपे, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन एलएसए, ६.२ लिटर, त्यावर ईटनचा १.९ लिटरचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. मूळची ताकद ५५६ हॉर्सपॉवर. मागच्या हिवाळ्यात सुपरचार्जर फिरवणारी वरची पुली लहान बसवली आणि ट्यून करून घेतलं, त्यामुळे ९ पीएसआयचा बूस्ट, म्हणजे दाबलेल्या हवेचा दाब, आता १२ च्या आसपास असतो. रोजच्या रस्त्यावर गाडी सुरेख चालते, तक्रार नाही.

प्रश्न ट्रॅकवर येतो. इथल्या सर्किट ऑफ दि अमेरिकाज या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे असला की वीस-वीस मिनिटांची सेशन्स असतात. अकराव्या वळणातून निघून मागच्या लांब सरळीवर पूर्ण थ्रॉटल दिला, की सुरुवातीच्या लॅपमध्ये बाराव्या वळणाच्या आधी जो वेग दिसतो तो नंतर दिसत नाही. लॉग काढला. सुपरचार्जरनंतरच्या हवेचं तापमान, म्हणजे आयएटी-टू, ८० सेल्सियसच्या वर जातंय आणि कॉम्प्युटर इग्निशन टायमिंग मागे घेत राहतोय, म्हणजे ताकद कमी करतोय. बाहेर तेव्हा ३६ होतं. इंजिनचं कूलंटही सेशनच्या शेवटी १०७ पर्यंत चढलं होतं.

सुपरचार्जरच्या कूलंटची उष्णता बाहेरच्या हवेत टाकणारी बंपरमागची जाळी, म्हणजे हीट एक्स्चेंजर, मोठा लावावा म्हणतोय. दोन पाहून ठेवलेत. पहिला खूप जाड, तीन इंचांहून जास्त खोल, पण रुंदी-उंची जवळपास मूळच्याइतकीच. दुसरा दोन इंच खोल, बंपरमागची जवळजवळ सगळी जागा व्यापणारा, डबल पास. किंमत सारखीच. विकणारे दोघेही आपलाच चांगला म्हणतात.

याच गाडीतून दर रविवारी मुलीला मराठी शाळेत सोडतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये एसी नीट चालायलाच हवा. कोणता घेऊ?

फिनिक्सकर

माझी गाडी २०११ ची व्ही, सेडान. मी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीला जातो. माझा सल्ला असा की एक्स्चेंजर मूळचाच राहू द्या आणि सुपरचार्जरचं कूलंट गार करायला डिकीत बर्फाची टाकी बसवा. अ‍ॅरिझोनात जूनच्या संध्याकाळीसुद्धा माझा आयएटी-टू सुरुवातीच्या रेषेवर बाहेरच्या हवेपेक्षा खाली असतो. कुठलाही एक्स्चेंजर हे करू शकत नाही, कारण तो फार तर बाहेरच्या हवेच्या तापमानापर्यंत नेईल, त्याखाली नाही.

आणि एक इशारा. हे कूलंट फिरवणारा पंप बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतील. मोठा पंप लावला की कूलंट एक्स्चेंजरमधून इतक्या वेगाने जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. मूळचा पंप ठेवा.

चाकण_ते_डेट्रॉइट

ऑस्टिनकर, तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. मी आधी चाकणला आणि आता मिशिगनमध्ये रेडिएटर-कूलरच्या चाचण्यांचं काम करते, आणि घरी २०१४ ची कॅमॅरो झेडएल-वन आहे, म्हणजे इंजिन तुमचंच, ५८० हॉर्सपॉवरचं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. आधी हिशेब करू, मग खरेदीचं बोलू.

३६-३७ अंशांची हवा १२ पीएसआयने दाबली की सुपरचार्जरमधून ती १३० अंशांच्या आसपास बाहेर पडते. रूट्स जातीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता धरून काढलेला हा अंदाज आहे, चार-पाच अंश इकडे-तिकडे. पूर्ण थ्रॉटलला तुमचं इंजिन सेकंदाला साधारण अर्धा किलो हवा ओढतं. ती १३० वरून ७० वर आणायची तर ब्रिकला, म्हणजे सुपरचार्जरच्या झाकणाखाली बसवलेल्या, हवा गार करणाऱ्या कूलंटच्या जाळीला, ३० किलोवॉट उष्णता कूलंटमध्ये ढकलावी लागते. मूळच्या पुलीवर, ९ पीएसआयला, हाच आकडा २० च्या जवळ येतो. कारखान्याने एक्स्चेंजर, पंप आणि ब्रिक त्या वीससाठी आणि रस्त्यावरच्या वापरासाठी मोजून बसवले होते. पुली तुम्ही बदललीत, बाकी सगळं तेच राहिलं.

आता फिनिक्सकरांच्या बर्फाबद्दल. त्यांच्या कामासाठी ते अगदी बरोबर आहेत. पाव मैलाला बारा सेकंद लागतात असं धरू. ३० गुणिले १२, म्हणजे ३६० किलोज्यूल. लूपमध्ये, म्हणजे ब्रिक, पंप आणि एक्स्चेंजरमधून फिरणाऱ्या या वेगळ्या वर्तुळात, आठ लिटर कूलंट असेल तर एवढ्या उष्णतेने ते बारा-तेरा अंश तापेल आणि शर्यत संपेल. तिथे एक्स्चेंजरला काही करायची संधीच मिळत नाही. तिथे कामाला येतो तो साठा. बर्फ म्हणजे सगळ्यात दाट साठा, किलोमागे ३३४ किलोज्यूल नुसतं वितळायला लागतात.

पण वीस मिनिटं? अर्धा वेळ पूर्ण थ्रॉटल धरला तरी सरासरी १५ किलोवॉट, म्हणजे सगळे मिळून १८,००० किलोज्यूल. पाच किलो बर्फ वितळायला १,६७० पुरतात. तुमच्या ट्रॅकची एक लॅप साडेपाच किलोमीटरची. पहिली लॅप संपायच्या आत बर्फ गेला आणि दुसरी संपेपर्यंत ते गार पाणीही तापलं. मग डिकीत उरतं ते गरम पाण्याचं वजन. तुम्हाला साठा नको, सतत उष्णता बाहेर टाकणारी व्यवस्था हवी, आणि म्हणून तुम्ही एक्स्चेंजरकडे वळलात ते योग्यच आहे.

तरीही लगेच घेऊ नका. उष्णता हवेतून ब्रिकमध्ये, ब्रिकमधून कूलंटमध्ये, कूलंटबरोबर पुढे एक्स्चेंजरमध्ये आणि तिथून बाहेरच्या हवेत जाते. यातली कोणतीही एक पायरी अडली तर आयएटी-टू चढतो, आणि नुसता आयएटी-टू बघून कोणती अडली ते कळत नाही. तो फक्त शेवटचा निकाल सांगतो.

कळण्याचा उपाय स्वस्त आहे. दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, घ्या. एक एक्स्चेंजरमध्ये शिरणाऱ्या होजवर, एक बाहेर पडणाऱ्यावर. धातूच्या जोडणीला चिकटवून वरून फोम गुंडाळलात तरी चालेल. मागच्या सरळीच्या शेवटी काय दिसतं ते लॉग करा. दोन्हींत फरक मोठा असेल आणि आत येणारं कूलंट फार गरम असेल, तर प्रवाह कमी पडतोय. फरक लहान असेल आणि दोन्ही टोकं गरमच असतील, तर एक्स्चेंजर किंवा त्यावरून जाणारी हवा कमी पडतेय. आणि बाहेर पडणारं कूलंट चांगलं गार असूनही आयएटी-टू वरच असेल, तर अडचण ब्रिकमध्ये आहे. बरेचदा तिथे हवा अडकलेली असते, कारण झाकण हा लूपचा उंच भाग आहे.

प्रवाह थेट मोजता येतो. परतीची होज काढून बादलीत सोडा, दुसरीकडून भरत राहा, पंप चालू करा, दहा लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहा.

फिनिक्सकर, 'कूलंटला थांबायला वेळ हवा' हे मी गॅरेजमध्येही ऐकत आले आहे, पण बंद लूपमध्ये तसं होत नाही. प्रवाह दुप्पट केला तर प्रत्येक लिटर एका फेरीत एक्स्चेंजरमध्ये अर्धाच वेळ असतो हे खरं, पण फेऱ्याही दुप्पट होतात. एकूण वेळ तेवढाच राहतो. बदलतं ते एवढंच की वेगाने फिरणारं कूलंट एक्स्चेंजरच्या शेवटच्या नळीपर्यंत गरम पोचतं, त्यामुळे पूर्ण जाळी कामाला लागते. बाहेर पडणारं कूलंट हाताला जास्त गरम लागतं म्हणून माणसाला वाटतं की काम बिघडलं. प्रत्यक्षात ब्रिकमध्ये ते कमी तापून परत येतं आणि हवा जास्त गार होते.

ऑस्टिनकर_व्ही

ताई, मनापासून आभार. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

थर्मोकपल लावून ट्रॅकवर जाऊन आलो. मागच्या सरळीच्या शेवटी एक्स्चेंजरमध्ये शिरताना ७१, बाहेर पडताना ४९. बाहेरची हवा ३६. आयएटी-टू ८२. घरी येऊन बादलीची चाचणी केली, मिनिटाला १४ लिटर.

चाकण_ते_डेट्रॉइट

सुंदर आकडे. २२ अंशांचा फरक म्हणजे तुमचा जुना एक्स्चेंजर जीव तोडून काम करतोय. त्याच्यापर्यंत कूलंटच पुरेसं येत नाहीये. विहिरीवरची मोटर लहान असेल तर शेतातली पाइपलाइन कितीही जाड टाका, शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही.

पन्नास-पन्नास मिश्रणाचा एक लिटर एक अंश तापायला साधारण ३.६५ किलोज्यूल लागतात. १४ लिटरला २२ अंश, म्हणजे जवळजवळ १९ किलोवॉट तुम्ही आत्ताही बाहेर टाकताय. उष्णता जातेय, पण त्यासाठी कूलंटला ७१ पर्यंत तापावं लागतंय, आणि ब्रिकच्या शेवटच्या भागात ७१ चं कूलंट असेल तर तिथून जाणारी हवा त्याच्या खाली येणार कशी?

या अवस्थेत डबल पास एक्स्चेंजर लावला असता तर गोष्ट आणखी अडली असती. डबल पासमध्ये त्याच नळ्यांचे दोन गट करतात, कूलंट आधी एका गटातून जातं आणि मग वळून दुसऱ्यातून येतं. वेग दुप्पट, अंतर दुप्पट. उष्णतेच्या देवाणघेवाणीला ते चांगलं, पण जाळीतला दाबाचा तोटा चार ते आठ पट होतो. ताकदवान पंप तो झेलतो. १४ लिटरवर धापा टाकणारा पंप आणखी खाली बसेल.

तेव्हा आधी लूप व्हॅक्यूमने रिकामा करून व्हॅक्यूमनेच भरा. नुसतं वरून ओतून आणि गाडी हलवून या इंजिनातली हवा पूर्ण निघत नाही. मग मोठा पंप. त्याची वायर मूळच्या पंपाच्या तारेवर लटकवू नका, बॅटरीपासून वेगळी जाड वायर, फ्यूज आणि रिले द्या, जुनी तार फक्त रिले उचलायला वापरा. पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळालं नाही तर डब्यावर छापलेले लिटर कधीच दिसत नाहीत. एक्स्चेंजर अजून घेऊ नका.

डॅलसची_स्नेहल

मध्येच बोलते, कारण कूलंटचा विषय निघालाय. आमच्याकडे मस्टँग जीटी-फाइव्ह-हंड्रेड आहे, २०१३ ची. ट्रॅकवरच्या लोकांनी आम्हालाही सांगितलं होतं की सुपरचार्जरच्या लूपमध्ये नुसतं पाणी भरा, ते ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. ते खरंच आहे. पण फेब्रुवारी २०२१ आठवा. इथे डॅलस-फोर्टवर्थला पारा उणे १९ सेल्सियसपर्यंत गेला होता, वीज नव्हती, गॅरेजमध्येसुद्धा पाणी गोठत होतं. लूप इंजिनपासून वेगळा असला तरी ब्रिक आणि एक्स्चेंजर अ‍ॅल्युमिनियमचेच, फुटले की संपलं, आणि ब्रिक फुटला तर पाणी थेट इंजिनात.

आम्ही हिवाळ्यात पन्नास-पन्नास ठेवतो. उन्हाळ्यात ग्लायकॉल कमी करतो, पाणी डिस्टिल्ड, आणि गंजरोधक घातल्याशिवाय कधीच नाही. नळाचं पाणी अजिबात नको, टेक्सासच्या कठीण पाण्याने नळ्यांत थर बसतो.

फिनिक्सकर

थांबण्याच्या वेळेबद्दल ताईंचं म्हणणं पटलं. माझ्या गाडीवरही बादलीची चाचणी करणार आहे.

एक विचारायचं होतं. डॉज चॅलेंजर डेमनला २०१८ मध्ये कारखान्यातूनच एसीच्या गॅसने सुपरचार्जरचं कूलंट गार करणारा पॉवर चिलर आला होता. आता तसे चिलर वेगळे विकत मिळतात. ऑस्टिनकरांना तो चालणार नाही का?

चाकण_ते_डेट्रॉइट

डेमन ड्रॅग स्ट्रिपसाठीच बनवलेली गाडी होती. तिथे रांगेत उभं असताना चिलर कूलंट गार करून ठेवतो आणि मग थोड्या सेकंदांत तो साठा खर्च होतो. तुमच्या बर्फाच्याच जातीचा उपाय, फक्त दर वेळी बर्फाच्या पिशव्या आणाव्या लागत नाहीत. तुमच्यासाठी मी त्याचा विचार नक्की करेन.

ऑस्टिनकरांना सरासरी १५ किलोवॉट सतत बाहेर टाकायचे आहेत. गाडीच्या एसीची ताकद पाच-सात किलोवॉटची असते. शिवाय एसी ती उष्णता शेवटी पुढच्या कंडेन्सरमधूनच बाहेर टाकतो, तीही कॉम्प्रेसरने खाल्लेल्या ताकदीची भर घालून. ती गरम हवा मागच्या रेडिएटरवर जाते, आणि त्यांच्या इंजिनचं कूलंट आधीच १०७ ला आहे. ट्रॅकवर ते त्यांच्या विरोधात जाईल.

ऑस्टिनकर_व्ही

पंप झाला. रिलेसकट वेगळी वायर दिली, लूप व्हॅक्यूमने भरला. भरताना बुडबुडे बरेच निघाले. बादलीत आता मिनिटाला २७ लिटर.

काल ट्रॅकवर गेलो होतो, हवा पुन्हा ३६ ची. त्याच सरळीच्या शेवटी शिरताना ६२, बाहेर पडताना ५१. आयएटी-टू ७१ ला येऊन थांबला आणि सेशन संपेपर्यंत तिथेच राहिला. टायमिंग अजून थोडं मागे जातंय, पण बाराव्या वळणाआधीचा वेग शेवटच्या लॅपपर्यंत टिकला. इंजिनचं कूलंट १०६-१०७, तिथे फरक नाही.

आता एक्स्चेंजर घेऊ का?

चाकण_ते_डेट्रॉइट

आता घ्या. आता तुमचे आकडेच तो मागताहेत.

फरक २२ वरून ११ वर आला, आणि बाहेर टाकलेली उष्णता जवळजवळ तेवढीच, १८ किलोवॉट. म्हणजे प्रवाहाची अडचण सुटली. पण बाहेर पडणारं कूलंट ५१ ला आहे, हवेपेक्षा १५ अंश वर. आधी ४९ होतं, आता ५१, हे पाहून बिचकू नका, जास्त प्रवाहात असंच व्हायचं. ब्रिकमधलं सगळ्यात गरम कूलंट नऊ अंशांनी उतरलं, आणि तुम्हाला आयएटी-टू मध्ये दिसलं ते हेच. यापुढे अडवतोय तो एक्स्चेंजर.

दोघांपैकी रुंद, दोन इंची, डबल पास घ्या. माझं मत याबाबतीत ठाम आहे आणि कारण हवेच्या बाजूला आहे. जाड जाळीत पुढचा भाग ताजी हवा घेतो. मागच्या भागाला तीच हवा तापून मिळते, तिथे तापमानाचा फरकच उरत नाही, म्हणून काम कमी होतं. शिवाय जाडी वाढली की हवेला अडथळा वाढतो, मग बरीचशी हवा जाळीला वळसा घालून बाजूने निघून जाते. दुप्पट जाडीला दुप्पट काम कधीच मिळत नाही. समोरचं क्षेत्रफळ वाढवलं की प्रत्येक जादा चौरस इंचाला ताजी हवा मिळते.

आणि तुमच्या गाडीत या एक्स्चेंजरमागे एसीचा कंडेन्सर आहे आणि त्यामागे इंजिनचा रेडिएटर. जाळीतून सेकंदाला पावणेदोन-दोन किलो हवा जात असेल तर १५ किलोवॉटने ती आठ-नऊ अंश तापते. तीच हवा मागच्यांना मिळते. रुंद एक्स्चेंजरमध्ये तीच उष्णता जास्त हवेत वाटली जाते, त्यामुळे मागे जाणारी हवा तितकी तापत नाही. तीन इंची जाळी लावलीत तर १०७ चे ११० व्हायला वेळ लागणार नाही आणि रविवारी सिग्नलला उभं असताना मुलीला एसी कमी वाटेल. थांबलेल्या गाडीत मागचा पंखाच हवा ओढतो, आणि वाटेत जाड जाळी असेल तर ती हवा घटते.

डबल पासमुळे २७ लिटरचे २२-२३ झाले तरी चालतील, आता तुमच्या पंपाजवळ तेवढी शिल्लक आहे. माझा अंदाज बाहेर पडणारं कूलंट ४५-४६ ला येईल, आणि आयएटी-टू ६५ च्या खाली. त्यापुढेही उतरवायचं असेल तर प्रश्न ब्रिकचा राहील. एलएसएला एकच ब्रिक आहे, कॉर्व्हेट झेडआर-वनच्या एलएस-नाइनला दोन होते. सीटीएस-व्हीवर झेडएल-वनचं झाकण बसवणारे बरेच जण आहेत, पण ते नंतर, गरज दिसली तर.

बसवताना ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती सांगते. एक्स्चेंजरच्या चारही कडा आणि बंपरच्या तोंडामधली फट बंद करा. मिटलेल्या पेशींचा फोम किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, काहीही चालेल. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते, आणि बाजूला दोन बोटांची फट राहिली तर महागड्या जाळीवरून जायचं तिला कारण उरत नाही. बंपर उतरवलाच आहे तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतही टॉर्चच्या उजेडात डोकावून बघा. टेक्सासच्या हायवेवरचे किडे आणि सुकी पानं तिथे साचतात, आणि तुमच्या १०७ मध्ये त्यांचाही वाटा असू शकतो. मागच्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, फिन्स वाकतात.

सेशन संपल्यावर शेवटची लॅप सावकाश काढा, पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडा आणि इग्निशन चालू ठेवून पंप काही मिनिटं फिरू द्या. इंजिनची उष्णता वर चढून ब्रिक तापवते, आणि पुढचं सेशन तापलेल्या ब्रिकने सुरू होतं.

कूलंटचं स्नेहल म्हणाली तेच करा, मला त्यात भर घालायची नाही. नवा एक्स्चेंजर जोडल्यावर लूप पुन्हा व्हॅक्यूमने भरा, थर्मोकपल काढू नका, आणि पुढच्या ट्रॅक डेचे तिन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या तापमानासकट इथे टाका. आयएटी-टू ६५ च्या वर राहिला तर झाकणाकडे बघू.